बोरिंगचा तारांकित प्रश्न

हसा, बिनधास्त हसा. पण चहाचा घोट आधी गिळून घ्या, नाही तं ठसका लागन. आज मी जे सांगून राहिलो ना, ते माह्या नोकरीतलं सगळ्यात मोठं गाढवपण आहे. अन् नोकरीत मी गाढवपणा काही कमी केला नाही बरं!

आता तुमच्यात दोन-तीन चेहरे नवे दिसून राहिले, म्हणून आधी माही ओळख. मी वानखेडे बाबू. आजोबा भंडाऱ्याहून रेल्वेच्या नोकरीसाठी रायपूरले आले अन् इथलेच झाले. मी पाणी पुरवणाऱ्या सरकारी खात्यात. आधी भोपाळले होतो. छत्तीसगड वेगळं झालं अन् मी परत आपल्या गावात आलो. काय दिवस होते ते! राजधानी नवी, कपाटं नवी, कुलपं नवी, फक्त आम्ही जुने. आज नवा रायपुरात जाऊन बघा, चार गाई आडव्या बसल्या तरी गाडी आरामात निघते एवढे रुंद रस्ते. तेव्हा आमच्या हाफिसात दोन बाबूंमध्ये एक टेबल होतं, अन् खुर्ची जो आधी येईल त्याची.

माहं काम काय? विधानसभेच्या प्रश्नांची उत्तरं लिहिणं!

म्हणजे कसं, तिकडं आमदार, आपल्याकडचे विधायकजी, लेखी प्रश्न देते. अमुक वस्तीत बोरिंग किती, बंद किती, बंद आहे तं काहून बंद, अन् जबाबदार कोण? मंत्र्याले उत्तर द्याच लागते. सुटका नाही. पण मंत्री काय स्वतः बोरिंग मोजायले जाते? तो कागद मंत्र्याकडून सचिवाकडे, सचिवाकडून आमच्या साहेबाकडे, अन् साहेबाकडून धपकन माह्या टेबलावर. मी जे लिहीन ते मंत्री सभागृहात उभं राहून वाचणार. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येई, "मंत्रीजी ने कहा." मी बायकोले पेपर दाखवत सांगे, "वाच, वाच, मी काय म्हणलो ते!"

बायको म्हणजे शकुन. गोंदियाची. तिले पेपरातल्या मंत्र्याचं काही कौतुक नव्हतं. ती म्हणे, "एवढं तुमचं चालते सरकारात, तं आपल्या पाऱ्यातलं बोरिंग काहून नाही चालत?"

घ्या! आलं का मुद्द्यावर?

आम्ही तेव्हा बीरगांवच्या बाजूले भाड्यानं राहत होतो. शेजारपाजार सगळा कारखान्यात जाणारा. पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, एकच हँडपंप, इकडं सगळे त्याले बोरिंगच म्हणते. ते चार महिने बंद. दांडा हापसून हापसून हात दुखले, पण थेंब नाही. शकुन रोज पल्याडच्या पाऱ्यातून पाणी आणे. असंच एक दिवस पाण्यानं भरलेला पितळी गुंड उचलायले वाकली अन् वाकली तशीच राहिली. कंबरेची नस दबली! डॉक्टर म्हणला, "वजन बिलकुल नही उठाना. नही तो ऑपरेशन."

मंग पाणी कोणं आणायचं? मीच.

आता डोळ्यापुढं आणा. पाणी पुरवणाऱ्या खात्याचा बाबू, पायजम्यावर, दोन हातात दोन बादल्या, रोज सकाळी अख्ख्या पाऱ्यातून चालला. बाया दारात उभ्या राहून पाहे. एक म्हातारी तं रोज न चुकता वरडे, "एदे देख, पानी वाला बाबू पानी डोहारत हे!" डोहारत म्हणजे वाहून राहिला. अन् सगळ्या खी-खी-खी. लाज वाटे हो! पण त्याहून जास्त शकुनची काळजी वाटे. रात्री कूस बदलताना ती तोंडातून आवाज काढत नसे, फक्त बांगड्या वाजे. मले समजे.

तुम्ही म्हणान, अर्ज काहून नाही केला? केला ना बाप्पा! तीन केले. खालच्या हाफिसातला माणूस रजिस्टर उघडून म्हणे, "बाबूजी, हमारे यहाँ तो चालू दिखा रहा है." मी म्हणलं, "भैया, चालू आहे तं पाणी काहून नाही येत?" तो म्हणे, "वो अलग विषय है."

तेवढ्यात मले भेटला देवांगन.

हा देवांगन आमच्या भागाच्या विधायकजीचा पीए. गोल बाजारात मी गळक्या गुंडाले डाग लावून आणायले गेलो होतो, तिथं दुकानात बसून चहा पिऊन राहिला होता. चेहरा पार पडलेला. म्हणे, "वानखेडे भैया, नई विधानसभा है, सब विधायक धड़ाधड़ प्रश्न लगा रहे हैं. हमारे वाले का एक भी नही लगा. रोज मेरे को डाँटते हैं. मेरे को लिखना आता नही."

माह्या डोक्यात लख्ख उजेड पडला! अरे, सोळा वर्षं मी दुसऱ्यांच्या प्रश्नांची उत्तरं लिहून राहिलो. एक प्रश्न मीच लिहिला तं? मंत्र्यालेच सभागृहात उभं करतो. बोरिंग कसं नाही सुधरत ते पाहतोच!

सरकारी नोकरानं विधायकाले प्रश्न लिहून देणं म्हणजे नोकरीवर धोंडा, हे मले पक्कं ठाऊक होतं. देवांगनले मी तिथंच शपथ घ्यायले लावली, "माहं नाव निघालं तं मी मेलो." तो म्हणे, "हव भैया, मर जाहूँ फेर नइ बताँव." म्हणजे मरन, पण सांगणार नाही.

घरी येऊन असा प्रश्न लिहिला, असा प्रश्न लिहिला! 'क' भागात, हा हँडपंप तीन महिन्यांपासून बंद आहे, हे खरं आहे काय? 'ख' मध्ये, असेल तर कारण काय अन् जबाबदार कोण? 'ग' मध्ये, कधीपर्यंत सुधारणार? पळायले कुठंच जागा नाही ठेवली. अन् वर लिहिलं, तारांकित! म्हणजे नुसतं छापील उत्तर देऊन भागत नाही, मंत्र्याले उभं राहून तोंडी बोला लागते, अन् विधायक वरून पूरक प्रश्न विचारू शकते.

शकुनले वाचून दाखवला. तिनं कंबरेले शेक घेता घेता ऐकला अन् म्हणली, "असं जर विचारलं तं मंत्र्याले काहीच म्हणता नाही येत?"

"काय म्हणन? लोकशाही आहे, शकुन! मंत्री असला तरी जवाब द्याच लागते."

तिनं माह्याकडं असं पाहिलं ना, लग्नानंतर पहिल्यांदा! मी दोन दिवस हवेत होतो.

आता इथून पुढं नीट ऐका, गाढवपण इथंच आहे.

प्रश्न गेला. तीन-चार आठवडे झाले. अधिवेशन तोंडावर आलं अन् आमच्या शाखेत लग्नघरासारखी धावपळ सुरू झाली. रोज लाल चिठ्ठी लावलेले गठ्ठे येऊन राहिले. अशात एका दुपारी आमचे साहू साहेब माह्या डोक्यावर येऊन उभे. चांगला माणूस, पण अधिवेशनात त्यांचा आवाज दोन सूर वर जाई. "वानखेडे बाबू, तीस प्रश्न हैं. चार बजे तक सब टाइप होकर चाहिए. मंत्रीजी के बंगले से दो बार फोन आ गया!"

तीस प्रश्न, दोन तास. आमची पद्धत काय होती, सांगू? हसू नका. प्रश्न वाचायची पद्धत नव्हती! प्रश्नाचा नंबर पाहायचा, खालच्या हाफिसानं पाठवलेली माहिती त्याले टाचलेली असे, ती पाहायची, अन् ठरलेल्या भाषेत उत्तर बसवायचं. माहितीत 'चालू' लिहिलं आहे? मंग 'क' चं उत्तर, "जी नही." अन् 'ख', 'ग' ले, "प्रश्न उपस्थित नही होता," म्हणजे प्रश्नच उद्भवत नाही. झालं! एका प्रश्नाले चार मिनिटं. मी तं तीन मिनिटांत काढे, आख्ख्या शाखेत माहा हात धरणारा कोणी नव्हता. पावणेचारले तीसच्या तीस उत्तरं साहेबाच्या टेबलावर! साहेब खूश. मीही खूश. हाफिसाच्या पैशानं समोसा आला.

तुम्हाले समजलंच असन. पण मले नाही समजलं ना! माह्या डोक्यात काय होतं, का माहा प्रश्न 'वर' गेला. विधानसभेत गेला, मंत्र्याकडं गेला. वर गेलेला कागद उतरत उतरत शेवटी कोणाच्या टेबलावर येते, हे सोळा वर्षं तेच काम करणाऱ्या माणसाले सुचू नये? याले काय म्हणायचं?

तो दिवस उजाडला. सभागृहात आमच्या खात्याचे प्रश्न होते, म्हणून आम्ही बाबू लोक फायली घेऊन बाहेरच्या खोलीत बसलेलो. मंत्र्याले काही अडलं तं चिठ्ठी आत पाठवायची. आतलं बोलणं ऐकू यावं म्हणून भिंतीवर स्पीकर. बाजूले साहू साहेब.

आणि स्पीकरमधून आमच्या विधायकजीचा आवाज आला. "क्या यह सही है कि..."

अरे! हा तं माहा प्रश्न! माहे शब्द! छाती अशी फुगली का बुशकोटाचं बटन तुटते का काय. बाजूच्या चपराशाले कोपर मारून म्हणलं, "सुन, सुन, क्या जबरदस्त प्रश्न है! अब देखना, मंत्रीजी फँसे!"

साहेबानं माह्याकडं वळून पाहिलं. आपलाच मंत्री फसणार म्हणून खूश होणारा बाबू त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असन.

मंत्रीजी उठले. घसा साफ केला. "माननीय अध्यक्ष महोदय, 'क', जी नही. 'ख' और 'ग', प्रश्न उपस्थित नही होता."

 ही भाषा कोणाची? ही घाई कोणाची? हातातल्या फायलीत पानं पलटवली. टाइप माहा, सही माही. मीच विचारलं बंद आहे काय, अन् मीच सांगतलं, नाही!

आत विधायकजी पेटले. पहिलाच प्रश्न, अन् तोही असा आपटला! "मंत्रीजी सदन को गुमराह कर रहे हैं! बोरिंग बंद है!" मंत्रीजी म्हणे, "चालू है. माननीय सदस्य को किसी ने गलत जानकारी दी है." "बंद है!" "चालू है!" शेवटी मंत्रीजीनं जाहीर केलं, "परसों हमारे अधिकारी माननीय सदस्य के सामने वह पंप चलाकर दिखाएँगे. और सदस्य को गलत जानकारी किसने दी, यह भी पता लगाएँगे."

साहू साहेब हळूच माह्याकडं वळले. "बाबू, पंप चालू है ना?"

काय सांगू? खरं सांगावं तं मंत्र्याले सभागृहात खोटं बोलायले लावणारा मीच. अन् बंद आहे हे मले कसं माहीत, हे विचारलं तं? मी म्हणलं, "सर, कागज पर तो चालू है."

साहेबाले कागदाचा अर्थ बरोबर समजला, ते काही आजचे नव्हते. पांढरे पडले. "कल के कल सुधरवाओ! परसों पानी नही आया तो मंत्रीजी मेरी नौकरी खाएँगे और मैं तुम्हारी. तुम उधर ही रहते हो ना? मिस्त्री ले जाओ, गाड़ी ले जाओ, खुद खड़े रहो!"

झालं! जे काम चार महिन्यांत अन् तीन अर्जांत नाही झालं, त्यासाठी दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी जीप, तीन मिस्त्री अन् नवे पाइप घेऊन मी स्वतः माह्या पाऱ्यात उतरलो.

ते दृश्य! सगळ्या बाया घराबाहेर. शकुन कंबरेले पट्टा बांधून ओट्यावर उभी. मिस्त्रीनं जुने पाइप वर ओढले, साखळी बदलली, वायसर बदललं. दुपारी दोनच्या आत एकानं दांडा हापसला, आधी खरखर, मंग गढूळ, अन् मंग धो-धो पाणी! रोज खिदळणारी ती म्हातारी स्वतः पाणी पिऊन म्हणे, "जुग जुग जी बाबू!" माह्या कपाळाले टिळा, हातात नारळ. शकुनचे डोळे भरून आले. म्हणे, "तुमच्या एका सवालानं झालं हो!"

मी मान खाली घालून म्हणलं, "लोकशाही आहे."

खरं सांगू, त्या क्षणी मले वाटलं, बला टळली. पाणी आलं, मंत्री खरा ठरला, साहेबाची नोकरी वाचली. विधायकजी थोडे तोंडावर पडतील, पण देवांगननं शपथ घेतली आहे. मी सुटलो!

शपथ फक्त देवांगननं घेतली होती, ही गोष्ट माह्या ध्यानातच नाही आली.

तिसऱ्या दिवशी सकाळी विधायकजी आले. मागं कार्यकर्ते, देवांगन, दोन पेपरवाले. इकडून साहू साहेब, हातात उत्तराची छापील प्रत. मी साहेबाच्या मागं, जमेल तेवढा लहान होऊन. साहेब हसत म्हणे, "विधायकजी, आप ही चलाइए." विधायकजीनं बाह्या वर करून असा जोरात दांडा मारला, अन् पाण्याची धार थेट त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर!

 पेपरवाले लिहून राहिले. विधायकजीचा चेहरा लालबुंद. देवांगनकडं असं पाहिलं का तो बिचारा कार्यकर्त्यांच्या मागं सरकला. साहेब छापील प्रत हलवत म्हणे, "देखिए, उत्तर बिलकुल सही था. पंप चालू है, चालू था."

आणि गर्दीतून आवाज आला, "चालू होता? कोण म्हणते चालू होता?"

शकुन!

मी डोळ्यांनी, हातांनी, जमेल त्या सगळ्या अवयवांनी तिले खुणावलं, चूप राह्य! पण ती विधायकजीसमोर जाऊन उभी राहिली अन् आपल्या हिंदीत सुरू झाली. "साहब, चार महीने से बंद था! मेरी कमर गई. ये तो कल हमारे इनों ने खुद खड़े रह के सुधराया. और आपका वो सवाल भी इनोंनेच लिखा, रात भर बैठ के!" अन् अभिमानानं माह्याकडं बोट.

 नुसता नळीतून थेंब पडायचा आवाज. टप. टप.

विधायकजी माह्याकडं पाहून राहिले. साहेब माह्याकडं पाहून राहिले. देवांगन आभाळाकडं पाहून राहिला.

"बाबू," साहेब एकेक शब्द चावत बोलले, "प्रश्न भी तुम्हारा?"

"जी सर."

"उत्तर भी तुम्हारा?"

"जी सर."

"मरम्मत भी तुमने की?"

"जी."

"तो ये विधायकजी, मंत्रीजी और मैं, हम लोग यहाँ किसलिए हैं?"

पहिले हसले विधायकजी. मंग साहेब. मंग पेपरवाले. हसता हसताच दोघांच्या ध्यानात आलं का ही गोष्ट बाहेर जाणं कोणाच्याच फायद्याची नाही. आपले प्रश्न सरकारी बाबू लिहून देते, हे विधायकजीले सांगता येत नव्हतं. आपलं उत्तर खोटं होतं, हे साहेबाले सांगता येत नव्हतं. पेपरवाल्यायले जलेबी मागवली. ठरलं का विधायकजीनं आवाज उठवला, अन् विभागानं तत्परता दाखवली. माही नोकरी वाचली, बावा! मी मोठा श्वास सोडला.

पण शकुन हसून नव्हती राहिली. तिनं साहेबाच्या हातातून ती छापील प्रत घेतली. सातवीपर्यंत शिकलेली, हिंदी हळूहळू वाचे. एक-एक अक्षर लावत वाचली. "जी... नही." मंग माह्याकडं वळली. आवाज एकदम शांत.

"हे उत्तर तुम्ही लिहिलं?"

"हाव."

"बोरिंग चालू आहे म्हणून?"

"अगं, ते कागदावर..."

"ज्या दिवशी हे लिहिलं, त्या दिवशी सकाळी दोन बादल्या घेऊन कुठं गेलते तुम्ही?"

 विधायकजीले तं भलतीच मजा आली. ते म्हणे, "वाह दीदी, इसको कहते हैं पूरक प्रश्न! बाबू, उत्तर दो."

आता बघा, सोळा वर्षं मी मंत्र्यायले उत्तरं पुरवली. एकही प्रश्न असा नव्हता का ज्याले माह्याजवळ उत्तर नाही. काहीच सुचलं नाही तं आमच्याकडं एक हुकमी वाक्य असे, ते कुठंही चाले, त्यापुढं मोठमोठे विधायक गप बसे. सवयीनं माह्या तोंडून तेच निघून गेलं.

"जानकारी एकत्रित की जा रही है."

माहिती गोळा करून राहिलो!

साहेबानं कपाळावर हात मारला. शकुननं छापील प्रतीची नीट घडी केली, माह्या खिशात ठेवली अन् म्हणली, "करा ना, आरामात करा. जोपर्यंत गोळा होत नाही, तोपर्यंत सकाळच्या पोळ्या तुमच्याकडं."

मी रिटायर होऊन आता चार वर्षं झाली. माहिती अजून गोळा होऊनच राहिली आहे. पोळ्या मात्र आता बऱ्यापैकी गोल यायले लागल्या.